हळव्याचं बियाणं

त्या वर्षी आमचा भाताच्या रोपांचा तरवा अगदीच उगवला नाही, असं म्हणता येणार नाही. उगवला, पण इथे एक पुंजका, तिथे एक पुंजका आणि मध्ये नुसती लाल माती. मी आणि माझी थोरली जाऊ बांधावर उभ्या राहून बघत होतो.

"दोन दिवस थांब. येल वर," जाऊ म्हणाली.

"नाही येणार, वहिनी. बियाणंच मेलंय."

"तू शहरातली. तुला काय कळतां बियाण्यातलां?" असं म्हणून ती खाली बसली आणि बोटानं माती उकरायला लागली. एक दाणा निघाला. तिनं तो चिमटीत दाबला, तर आतून काळं पाणी आलं. तिनं बोटं पदराला पुसली आणि उठली.

मी रत्नागिरी शहरात वाढलेली. वडील एका कचेरीत कारकून होते. अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन मी या आतल्या गावात आले. नवरा मुंबईला छापखान्यात कामाला होता. गणपतीला आणि मे महिन्यात यायचा. मूलबाळ अजून नव्हतं. सासू-सासरे आधीच गेलेले, थोरले दीरही मुंबईला. त्यामुळे घरात आम्ही दोघी जावाच. भातशेतीतलं मला खरोखर काही कळत नव्हतं. जाऊ करील ते मी करायची, आणि दर वेळी असंच का करायचं, म्हणून विचारायची. ती वैतागायची.

पण विचारून विचारून एवढं कळलं होतं. आमची बरीचशी जमीन डोंगरउताराची. वीतभर माती, खाली कातळ. पाऊस गेला की आठवड्यात तडे पडतात. तिथे हळवं भातच करावं लागतं, म्हणजे पाऊस जायच्या आत तयार होणारं. खालच्या मळ्यात ज्यांची जमीन आहे, ते गरवं करतात. त्याला दिवाळीपर्यंत वेळ असतो, आणि कापणीला कोरडं ऊन मिळतं. आमचं हळवं कापायला येतं ते भर पावसात. ओल्या पेंढ्या, ओली झोडणी, दाणे चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवायचे. खायला ते चालतं. पण तेच पुढच्या वर्षी बियाणं म्हणून पेरलं की असं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या बाजारात बियाण्याच्या दुकानात गेले. पोत्यांची थप्पी छतापर्यंत लागलेली. दुकानदार चांगला माणूस होता, पाणी विचारलं त्यानं.

"हळवं नाही हो, ताई. मळेवाले गरवं नेतात, म्हणून मी गरवं आणतो. हळवं मागवलं तर ते येईपर्यंत तुमची लावणी होऊन जाते. मग ती पोती मी कुणाला विकू?"

"दर वर्षी असंच?"

"दर वर्षी असंच," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या वर्षी शेजारणींकडून उरलेलं रोप मागून आणून आम्ही अर्धी जमीन लावली. अर्धी पडून राहिली. पाऊस पडत होता आणि त्या रिकाम्या खाचरांत नुसतं पाणी साठलेलं. भाकरी थापतानाही मला ते पाणी दिसायचं. मी उठून दारात जायची, परत यायची. जाऊ म्हणायची, "पायाला भिंगरी बांधलीय का गो तुज्या?"

गणपतीनंतर माहेरी गेले होते, तेव्हा शहराजवळच्या भात संशोधन केंद्रात गेले. कुणी बोलावलं नव्हतं. तिथले एक साहेब गुडघ्याएवढे बूट घालून चिखलातून वर आले. मी बांधावरच त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"हळव्याचं चांगलं बियाणं देतो थोडं," ते म्हणाले. "ते वाढवून तुम्हाला गावापुरतं करता येईल. पण पावसाळ्यात केलंत तर पुन्हा दाणा भिजणार. उन्हाळ्यात करा. म्हणजे एप्रिलच्या कडक उन्हात कापाल, आणि महिन्याभरात लगेच पेराल. पाणी आहे का उन्हाळ्यात?"

"आहे," मी म्हणाले.

आमच्या वाडीजवळून एक पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, वाहतो. तो एप्रिलपर्यंत वाहतो की नाही, हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मांडीवर बियाण्याची पिशवी घेऊन एसटीत बसले आणि घर येईपर्यंत तोच विचार. वाटेत प्रत्येक पुलावरून वाकून खाली पाणी बघत होते.

जाऊ पिशवी बघून म्हणाली, "उन्हाळ्यात भात? हितं?" पण पऱ्याला लागून असलेलं खाचर तिच्या वाटणीचं होतं, आणि तिनं ते दिलं. आमच्या बचत गटातल्या बायकांना तिनंच गोळा केलं. नोव्हेंबरात आम्ही सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून पऱ्यावर बंधारा घातला. पाणी गार होतं, पाय बधिर व्हायचे. बायका हसत होत्या, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. मला हसू येत नव्हतं. मी सारखी पलीकडे जाऊन कुठून झिरपतंय ते बघत होते.

त्याच आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. गावात तेव्हा स्टॉपवरच्या दुकानात एकच फोन होता. निरोप आला की धावत जायचं आणि पुन्हा वाजायची वाट बघत बसायचं.

"खोली मिळाली," तो म्हणाला. "नालासोपाऱ्याला. मे महिन्यात न्यायला येतो तुला."

चार वर्षं मी याच फोनची वाट बघत होते. मला आनंद झाला, खरंच झाला. आणि त्याच वेळी डोक्यात आलं, मे महिन्यात म्हणजे पेरणीच्या आत.

"बरं," मी म्हटलं. त्याला वाटलं, आवाज नीट येत नाहीये. "ऐकू आलं का? खोली मिळाली!"

डिसेंबरात रोप टाकलं. या वेळी ते इतकं दाट उगवलं की जाऊ दिवसातून दोनदा जाऊन बघायची आणि सांगायची मात्र नाही. जानेवारीत लावणी झाली. फेब्रुवारीत आजूबाजूचं सगळं गवत पिवळं पडलं आणि अख्ख्या खोऱ्यात आमचं तेवढं एक खाचर हिरवंगार राहिलं. तिथून माझी झोप उडाली. कारण ते हिरवं काही मला एकटीला दिसत नव्हतं.

आमच्याकडे कापण्या झाल्या की गुरं मोकळी सोडतात, ती थेट पावसाळ्यापर्यंत. सगळ्यांत जास्त गुरं आमच्या एका चुलत सासऱ्यांची. त्यांना आम्ही काका म्हणायचो. देवळात बैठक बसली. मी भिंतीशी उभी राहून सांगितलं, की एवढे तीन महिने गुरं बांधा.

काका शांतपणे म्हणाले, "बांदतो. चारा तू आणून दे."

मी जाऊकडे बघितलं.

"उन्हाळ्यात गुरां फिरून पोट भरतात, सूनबाय. बांदली तर मरतील. तुमचां एक खाचर वाचवायला माजी गुरां मारू?"

ते बरोबरच बोलत होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला. शेवटी जाऊनं तोड काढली. आम्ही करवंदीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण घालायचं, काकांनी गुरं पलीकडच्या डोंगराला वळवायची, आणि कापणीनंतरचा सगळा पेंढा काकांना. काकांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

लोंब्या भरायला लागल्या तशी पाखरं आली. दुसरीकडे कुठे भात नाही, म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या पाखरांना हेच एक पान वाढलेलं. आम्ही पाळीपाळीनं डबे बडवत उभ्या राहायचो. ओरडून माझा घसा बसला. मग मला मिरकरवाड्याच्या मासळी बंदराची आठवण झाली, आणि मी पहिल्या गाडीनं रत्नागिरीला गेले.

बंदरावर जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी फाटकं जाळं मागितलं.

"कशाला?"

"भातावर घालायला."

"भातावर? आता?" तो आजूबाजूच्या लोकांना मोठ्यानं म्हणाला, "अरे, ही बाई उन्हाळ्यात भात करते!" सगळे हसले. पण त्यानं उठून ट्रॉलरचं एक मोठं फाटकं जाळं ओढत आणून दिलं. परतीच्या गाडीत कंडक्टर मला चढू देईना. "मावशी, वासानं गाडी रिकामी होईल." शेवटी जाळं टपावर आणि मी खिडकीत, मान वर करून, ते पडत तर नाही ना ते बघत.

खाचरावर ते पसरलं, आणि पाखरं थांबली. पण वासानं वाडीतली कुत्री आली, कावळे आले. कावळे जाळ्यावर बसून खवले टोचायचे आणि त्यांच्या वजनानं जाळं लोंब्यांवर टेकायचं. मग सगळं जाळं काढून पऱ्यात धुतलं, वाळवलं, पुन्हा घातलं. कधी एखादी मुनिया पाय अडकून फडफडत असायची. जाऊ तिला शिव्या देत देत हळूच सोडवायची. "खा मेल्ये, अजून खा," असं म्हणून हवेत सोडायची.

एप्रिलच्या सुरुवातीला मी फोन करून परत येत होते. नवऱ्यानं तिकिटं काढली होती. वळणावरून खाचर दिसलं आणि आत काहीतरी हललं. काकांचा बैल. कुंपणाच्या कोपऱ्यातल्या फांद्या सुकून बसल्या होत्या, तिथून तो शिरला होता. मी ओरडत धावले. बैल बिचकला, त्याची शिंगं जाळ्यात अडकली, आणि तो जाळं ओढत खाचरभर धावायला लागला. जितका धावायचा तितका गुंतायचा. जाऊ आली, बायका आल्या, सगळ्या बांधावरून किंचाळत होत्या. पलीकडून काका कोयता घेऊन धावत आले आणि सरळ आत शिरले.

"भात तुडवताय!" मी ओरडले.

"फास लागेल त्याला!" ते माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले.

त्यांनी बैलाच्या मानेला मिठी मारली आणि एकेक पीळ कापत गेले. कोयता त्यांच्या स्वतःच्या हातावरून फिरला, तरी थांबले नाहीत. बैल सुटला, थरथरत उभा राहिला. काकांचा हात रक्तानं माखलेला. आणि माझी नजर त्या हातावर जायच्या आधी खाचरावर फिरत होती, किती आडवं झालं, किती उभं आहे. जाऊनं पदर फाडून काकांचा हात बांधला.

तिसरा हिस्सा तरी गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले, नव्या फांद्या आणून कुंपणाचा कोपरा भक्कम केला आणि परत गेले. तो बैल त्यांनी बांधला. बाकीची गुरं मोकळीच होती.

त्यानंतरचे दिवस मी खाचराच्या कडेलाच काढले. पऱ्याचं पाणी बारीक होत होत धारेवर आलं. पण दाणा भरला होता, आता पाणी लागणारच नव्हतं. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे वेगळ्या दिसणाऱ्या, उंच गेलेल्या, लाल कुसाच्या लोंब्या आम्ही एकेक करून आधीच उपटून टाकल्या होत्या. एप्रिल संपता संपता कापणी झाली. खळं दोनदा झाडून, सारवून घेतलं, आधीचा एकही दाणा मिसळू नये म्हणून. पेंढी आपटली की भात खळखळ वाजत पडायचं. पावसाळ्यातल्या झोडणीला असा आवाज कधीच येत नाही. जाऊ मूठभर दाणे कानाशी नेऊन हलवत राहिली.

ओल्या गोणपाटात थोडे दाणे गुंडाळून ठेवले. उघडलं तेव्हा जवळजवळ सगळ्यांना पांढरे मोड आलेले. बायका ते गोणपाट घरोघर दाखवत फिरल्या.

आणि मग भांडण झालं. बियाणं सगळ्यांना पुरणारं नव्हतं. जिनं जास्त पाळ्या केल्या ती म्हणे मला जास्त, जिच्या घरून बंधाऱ्याच्या पिशव्या आल्या ती म्हणे मला. जाऊ बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "ज्यांना मळा नाय, नुसता डोंगर हाय, त्यांना पयला. गटात असूदे नायतर नसूदे." दोघी उठून गेल्या. एक दुसऱ्या दिवशी परत आली, दुसरी आली नाही. काकांना मळा होता, म्हणून त्यांना बियाणं मिळालं नाही. पेंढा मात्र ठरल्याप्रमाणे त्यांच्या गोठ्यात पोचवला. ते म्हणाले, "बैलाला मिळाला, मालकाला नाय." हसत म्हणाले की रागानं, ते मला कळलं नाही.

नवरा आला आणि पेरणीच्या आधीच मी मुंबईला गेले.

खोली चांगली होती. नळाला पाणी यायचं, खिडकीतून वारा यायचा. मी भांडी लावली, पडदे शिवले. दुपारी काम संपलं की खिडकीत उभी राहायची, मग दारात, मग पुन्हा खिडकीत. नवरा संध्याकाळी यायचा तो खूश असायचा. आयतं गरम जेवण, बोलायला माणूस. मला त्याच्याकडे बघून बरं वाटायचं आणि अपराध्यासारखंही. पाऊस लागल्यावर एका रविवारी आम्ही खालच्या दुकानातून गावी फोन केला. जाऊला बोलावून आणायला बराच वेळ लागला.

"उगवलां," ती एकदम म्हणाली.

"सगळ्यांचं?"

"एकीचां सोडून. तिनं पेरलां आणि कोंबड्या सोडल्या." मग ती खाकरली. "आपला तरवा बघायला हवा होतास गो."

मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं इकडचं तिकडचं विचारलं.

दिवाळीनंतर मी त्याला म्हटलं, "नोव्हेंबरात बंधारा घालायचा असतो."

तो जेवत होता. घास घेऊन थांबला. "आणि खोली?"

मी त्याच्या पानात भात वाढला. दोन दिवस तो उशिरा घरी आला. तिसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावरची बॅग काढली, तिची चेन दुरुस्त केली आणि मला गाडीत बसवून दिलं. पुढची काही वर्षं अशीच गेली, पावसाळा मुंबईत, हिवाळा-उन्हाळा गावी. कुठेही असले तरी अर्धा जीव दुसरीकडे. हे बरोबर केलं की चूक, याचा हिशोब मी अजून लावू शकलेले नाही.

त्या दुसऱ्या वर्षी बंधारा थोडा वर, वळणाजवळ घातला, कारण खाचरं आता दोन होती. शेजारच्या वाडीतल्याही बायका आल्या होत्या. मी पोचले तेव्हा काम सुरू होतं. बॅग झाडाखाली ठेवून मी तशीच पाण्यात उतरले आणि रांगेत उभी राहून पिशव्या पुढे द्यायला लागले.

"किती दिवस हायस?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"कापणीपर्यंत," मी म्हटलं, आणि पुढची पिशवी घेतली.