वाळूच्या काठीला धार

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीमात्र संबंध नाही अशांसही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गोल्फच्या एका काठीचं पोट किती जाड असावं या प्रश्नावर एका माणसाची नोकरी टांगणीला लागू शकते. तो माणूस मी. कृपया लगेच हसू नये. मी तेव्हा हसत नव्हतो.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची काही वर्षं. हिंगोलीच्या कचेरीत मी हंगामी अहलकार होतो. अहलकार म्हणजे कारकून, आणि हंगामी म्हणजे साहेबांनी माशी हाकलायला मान हलवली तरी ज्याला वाटतं की आपल्याला 'नाही' म्हणाले. माझ्या कायम नेमणुकीचा कागद साहेबांच्या मेजावर सहीची वाट पाहत पडला होता, आणि त्या कागदापेक्षा जास्त वाट मी पाहत होतो.

साहेब हैदराबादहून आले होते. येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या, मधुमेह आणि गोल्फ. पहिल्यासाठी त्यांनी कडुलिंब शोधला आणि दुसऱ्यासाठी जुन्या लष्करी छावणीमागचं मैदान. पलटणीतले गोरे अधिकारी तिथं कधीकाळी खेळायचे. गवत केव्हाच मेलं होतं. उरली होती काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेली. जिथं चेंडू शेवटी खड्ड्यात घालायचा तिथं हिरवळीऐवजी तेल मारलेल्या वाळूचं खळं, आणि त्याच्या अलीकडे मऊ वाळूचा एक खोल खड्डा, खेळणाऱ्याची जिरवायला मुद्दाम केलेला.

सोबतीला साहेबांनी मला निवडलं. मी उंच होतो आणि वाद घालत नव्हतो.

लांबचा फटका कुठलंही गाढव मारतं, खरा खेळ जवळचा, असं साहेबांचं मत होतं. त्यासाठी त्यांच्याकडे लोखंडी तोंडाच्या तीन काठ्या होत्या. तोंड मागे किती कललंय ते साहेब कंपासपेटीतल्या कोनमापकानं मोजत. थोडं कललेलं असेल तर चेंडू बुटका उडतो आणि पुढे पळतो. जास्त कललेलं असेल तर उंच जातो आणि पडल्या जागी बसतो. मला ते पटकन कळलं. आमच्याकडे पाखडताना सूप जितकं उताणं, तितके दाणे उंच.

तिसरी काठी मात्र न्यारीच होती. नवीन निघालेली, विलायतेहून पार्सलनं आलेली. तिच्या तोंडाला खाली जाड, गोल पोट होतं. वाळूत मारली तर ती रुतत नाही, पोटावर घसरते, आणि चेंडूखालची वाळूच चेंडूला वर फेकते. तीच काठी कडक जमिनीवर मारली तर पोट आपटून उसळतं आणि चेंडू सशासारखा पळत सुटतो. म्हणून आधी जमीन बघायची, मग काठी उचलायची. मऊ तिथं पोटाची, कडक तिथं पातळ. हे साहेब मला रोज शिकवत आणि मी रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करी.

मग एक दिवस या वाळूच्या काठीचा लाकडी दांडा ढिला झाला. पुढच्या आठवड्यात साहेबांचे कॉलेजातले एक जुने जोडीदार, आता बडे इंजिनिअर, खेळायला येणार होते. कॉलेजात त्यांनी साहेबांना प्रत्येक खेळात हरवलेलं होतं. गावातला सुतार लग्नाला गेलेला. मी सुटीत कुरुंद्याला मामाकडे निघालो होतो, तेव्हा मीच पुढे होऊन म्हणालो, तिकडून बसवून आणतो. कायम व्हायची इच्छा असलेला माणूस असाच पुढे होत असतो.

मामानं काठी हातात घेतली, उलटी केली आणि त्याच्या चेहऱ्यावर, आजारी बैलाकडे बघताना येते तशी दया आली. मी त्याला सूप, वाळू, पोट सगळं समजावलं. शिकलेल्या भाच्याचं ऐकावं तसं त्यानं ऐकलं, म्हणजे मान डोलावली. मी जेवून आडवा झालो.

जाग आली तेव्हा मामा ओसरीवर उभा होता. हातात गोणपाटात गुंडाळलेली काठी आणि लोहाराकडून आणलेली वखराची पास, म्हणजे जमीन कापणारं पातं.

"दांडा बराबर ठोकलाय," मामा म्हणाला, "आन् धार बी लावून आनली."

मी गोणपाट उलगडलं. पोट नव्हतं. लोहारानं काठीचं तोंड दांड्यातून काढलं होतं, भट्टीत तापवलं होतं, आणि विलायतेत कुणीतरी डोकं खाजवून बनवलेलं ते गोल पोट हातोड्यानं ठोकून ठोकून पातळ केलं होतं. दाढी करता आली असती. मी तिथंच वखराच्या पाशीशेजारी बसलो.

"काहून रे, तोंड काहून उतरलं?"

मी कसंबसं सांगितलं की हे साहेबांचं आहे.

"म्हनून तर," मामा म्हणाला. "परक्याचं अवजार बोथट परत देत असतेत का?"

आमच्याकडे ती रीतच आहे. शेजाऱ्याचं खुरपं जरी आणलं तरी परत देताना पाजवून द्यायचं, नाहीतर दहा जणांत नाव निघतं. मामानं माझ्या साहेबाला शेजाऱ्याचा मान दिला होता. लोहाराकडे पळालो, तर तो म्हणाला, ठोकून पातळ केलेलं लोखंड परत फुगत न्हाई.

हिंगोलीला परतल्यावर मी सांगायचं ठरवून साहेबांच्या दारापर्यंत जाई, घाम पुसत एखादी फाईल ठेवी आणि माघारी येई. साहेबांनी काठी घेतली, दांडा हलवून पाहिला, खाली पाहिलं नाही, आणि शाबास म्हणाले. ती शाबासकी मी मान खाली घालून घेतली आणि काठी लगेच पिशवीत सारली.

सामन्याच्या सकाळी मैदानाच्या कडेला बाभळीखाली थोडी गर्दी होती. गर्दीत मामा. हळद घेऊन बाजाराला आला होता आणि आपलं लोखंड कसं चालतंय ते बघायला इकडे वळला होता. मी डोळ्यांनी त्याला जायला खुणावलं. त्यानं प्रेमानं हात हलवला.

साहेब सुरेख खेळत होते. जमीन कडक, त्यामुळे काम पातळ काठ्यांचं, आणि त्या मी पिशवी धरलेल्या चपराशाच्याही आधी काढून त्यांच्या हातात देत होतो. चेंडू वाळूच्या दिशेनं नुसता वळला तरी मी डोळे मिटून घ्यायचो. परीक्षेलाही जो मी कधी नवस बोललो नाही, त्यानं त्या दिवशी नरसीच्या नामदेवाला आधी नारळ बोलला, मग साखर, मग पेढे.

पेढ्यांवर प्रकरण मिटलं नाही. दोघे बरोबरीत असताना शेवटच्या खळ्यापाशी साहेबांचा चेंडू टप टप करत आला, काठावर थोडा विचार केला आणि वाळूत उतरला.

वाळू जरा कडक दिसते, पातळ काठी घ्यावी का, असं मी म्हणालो. आवाज माझा नव्हता. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वर्षभराची शिकवणी फुकट गेली. "पागल हो गए क्या?" म्हणाले, आणि वाळूची काठी घेतली.

साहेबांनी पाय रोवले. काठी वर गेली, खाली आली आणि वाळूत शिरली. शिरली ती शिरलीच. साहेब तिच्याभोवती अर्धे फिरले, हात सुटले, आणि काठी शेतात खोवलेल्या बुजगावण्यासारखी एकटी उभी राहिली. चेंडू जागचा हलला नव्हता.

साहेबांनी जोर लावून काठी उपसली. तोंड उलटं केलं. खाली पोट असायला हवं होतं तिथं अंगठा फिरवला. अंगठ्यातून रक्ताची बारीक धार लागली.

"ये किसने किया?" साहेबांनी हळूच विचारलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. कायम नेमणुकीचा कागद फाटताना मला ऐकू आला. कबूल करायला मी एक पाऊल पुढे टाकलं. एवढ्यात पटका सावरत, लोकांना बाजूला सारत मामा वाळूत उतरला.

पुढचं आधीच सांगून टाकतो, तुमचाही जीव टांगणीला नको. इंजिनिअर पोट धरून हसत वाळूत बसले. मग साहेबांचे खांदे हलायला लागले, आणि तेही त्यांच्याशेजारी बसले. हरल्याचं त्यांना भानच राहिलं नाही. त्याच महिन्यात, अंगठ्याला फडकं बांधलेल्या हातानं, त्यांनी माझ्या कागदावर सही केली. सही जरा वाकडी आहे. आणि हे सगळं घडलं ते मामाच्या तोंडून निसटलेल्या एका वाक्यानं. साहेबांच्या रक्ताळलेल्या अंगठ्यावर वाकून, भाच्याचं कुठं उणं राहिलं नाही अशा समाधानानं मामा म्हणाला होता:

"बघा, धार बराबर लागली म्हनायची!"