घरच्या मागावरची नक्षी

"मामा, मी नळावर जाऊन येते. नक्षी उघडी हाय, मशीनला हात लावू नका," असं सून सांगून गेली होती. मी हात लावला. पुढचं सगळं त्यातून झालं, म्हणून तिथूनच सांगतो.

आमचं घर शहापुरात. पुढं राहायचं, मागं चार माग. त्यातले दोन तेव्हा कापड टाकून झाकलेले होते, कारण काम नव्हतं. मी तिसरीतून शाळा सोडली आणि बापाच्या हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो. पुढं विजेवरचे माग आले, तेही शिकलो. नक्षीची रीत मात्र तीच राहिली. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, त्याप्रमाणं पुठ्ठ्याला भोकं पाडायची, पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवायची. भोक असेल तिथं दोरा वर जातो, नसेल तिथं खाली राहतो. एक घर चुकलं की ती चूक साडीभर पळते.

हे काम डोळ्यांत मोतीबिंदू येईपर्यंत मीच करत होतो. मग सुनेनं घेतलं. ती निपाणीची. लग्नाआधी तिथं बस स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायची, लोकांचे मराठी आणि कन्नड दोन्ही फॉर्म भरून द्यायची. मुलगा सांबऱ्याकडं नोकरीला, सकाळी जातो तो दिवस बुडताना येतो. त्यामुळं घरात यंत्राचं कळणारी ती एकटीच. तिचा हात माझ्यापेक्षा बारीक आहे. हे मी तिला कधी बोललो नव्हतो.

आम्ही ज्या पेढीचं विणतो, तिथल्या व्यापाऱ्यानं एक दिवस कागद बंद केले. नक्षी आता इंटरनेटवरच्या पानावर काढायची, पेढीवाले ती तिथंच बघणार, पसंत पडली की पुठ्ठे तयार करून देणार. प्रत्येक मागवाल्याला एक नाव आणि एक पासवर्ड मिळाला. सुनेच्या भावाचा जुना लॅपटॉप निपाणीहून आला आणि ती उंबऱ्यावर बसून घरं भरायला लागली. उंबऱ्यावर अशासाठी, की मागाच्या खोलीत मोबाईलला नेट लागत नव्हतं. आमचा बोळ अरुंद, भिंतीला भिंत. उंबऱ्यावर दोन रेघा यायच्या, आत आलं की एकही नाही.

त्या पानाची तऱ्हा मला कधी पटली नाही. एक घर रंगवलं की ते कुठं तरी लांब जायचं, तिथून हुकूम आल्यासारखं परत यायचं, मग पक्कं व्हायचं. मध्ये नेट गेलं की एक गोल चक्कर फिरत राहायची, आणि ती थांबेपर्यंत काढलेलं नुसतं पडद्यावर असायचं. दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या मागावर विणण्यातली ती गत. त्यानं दार लावलं की आपला धोटा आतच.

त्या दिवशी काठाची नक्षी पुरी झाली होती. चक्कर फिरत होती आणि सून पाण्याला गेली होती. मी चष्मा लावून बघितलं. काठ पूर्ण, एक घर मोकळं नाही. मला वाटलं, माल तयार आहे, मग वाट कशाची बघायची? आमच्यात साडी मागावरून उतरली की त्याच दिवशी बाप्यानं ती कापडात बांधून पेढीवर न्यायची, स्वतःच्या हातानं गादीवर ठेवायची. माझ्या बापानं तेच केलं, मी तेच केलं. मी लॅपटॉप मिटला, साडीच्या फडक्यात बांधला आणि खाकेत मारून निघालो.

पेढीवर चारपाच मागवाले बसलेले. त्यांच्यासमोर मी फडकं सोडलं आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारणारी पांढरी चौकट. पेढीवर कॉम्प्युटर बघणारा एक गडी होता, खानापूरकडच्या भातशेतीवाल्यांच्या घरचा, शिकून शहरात नोकरीला लागलेला. त्यानं त्याच्या बाजूनं आमचं नाव घालून पान काढलं. काठाचा निम्मा भाग होता, निम्मा कोराच.

तो हसला. "अण्णा, तुमी डबा आणलासा, जेवण घरीच राहिलं. आणि घरी जाऊन बघितलासा तर तिथंबी न्हाय."

सगळे हसले. व्यापारीही हसला. मी फडकं बांधलं आणि उठलो. घरी सून घागर ठेवून दारात उभी होती. माझ्या खाकेतलं बघितलं आणि आत वळली. तिचे दोन दिवस त्या बुडालेल्या निम्म्या काठात गेले होते. म्हातारी, म्हणजे माझी बायको, चाकावर दोऱ्याच्या कांड्या भरत बसली होती, तिनं मात्र चाक थांबवून माझ्याकडं बघितलं. त्या पेढीची पायरी परत चढायची नाही, असं मी तेव्हाच ठरवलं. माल मुलाच्या हातानं पाठवायला लागलो.

महिनाभरानं तो खानापूरवाला गडी आमच्या दारात आला. हसल्याचं त्याला लागलं असावं, किंवा बाकीच्या मागवाल्यांचीही कामं अशीच बुडत असावीत. मी त्याला चपला बाहेर काढायला लावल्या आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभा केला. तो म्हणाला, पान सोडून द्या, आता एक सॉफ्टवेअर आलंय, ते तुमच्याच मशीनमध्ये बसवायचं. नक्षी घरात काढायची, घरातच राहणार. नेट असलं तर पेढीवर जाईल, नसलं तर थांबेल, नेट आलं की आपणहून जाईल.

मी नको म्हणालो. कुणाचं काय तरी आपल्या यंत्रात घालून घ्यायचं, उद्या ते आत बसून काय करेल कुणास ठाऊक. सून दाराआडून ऐकत होती. ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "मामा, आजपर्यंत आपण त्यांच्या घरात जाऊन काढत हुतो. आता त्यांचा माग आपल्या घरात येतोय. कुठलं बरं?"

मी त्याला आत घेतलं, पण तो यंत्रावर बसला असता शेजारी उभा राहिलो. त्याला घाम फुटला होता. म्हातारीनं चहा दिला.

त्यानंतर सून मागाच्या खोलीत बसून नक्षी काढायला लागली. घर रंगवलं की तिथल्या तिथं पक्कं व्हायचं, चक्कर नाही काही नाही. खाली कोपऱ्यात एक बारीक खूण असायची. हिरवी असली की पेढीवर पोचलं, पिवळी असली की पाठवायचं बाकी. मी येता जाता त्या खुणेकडं बघायचो. विश्वास बसला होता असं नाही.

मग पेढीवरून लग्नाच्या घरचं काम आलं. सगळ्या करवल्यांना एकसारख्या साड्या, पदरावर मोठी कोयरी, तिचं शेपूट वळून काठात शिरलेलं. नक्षी पसंत पडली तर आमचे चारही माग चालू होणार होते. व्यापाऱ्यानं दिवस ठरवून दिला आणि त्या दिवशी दुपारी बाराची वेळ. बाराला लग्नघरची माणसं पेढीवर बघायला येणार. आली नक्षी तर काम आमचं, नाही आली तर दुसरीकडं. झाकलेले दोन माग भंगारात काढायचं मुलगा आधीपासूनच म्हणत होता. हे काम गेलं असतं तर मला त्याला अडवता आलं नसतं.

त्या सकाळी नेट गेलं. नुसतं आमच्या घरातलं नाही, सगळ्या बोळातलं. उंबऱ्यावर नाही, गच्चीवर नाही. पाइपासाठी रस्ता उकरला होता म्हणून, असं कुणी म्हणालं. सून काढतच राहिली. दहा वाजता पदर पुरा झाला. खूण पिवळी.

साडेदहा झाले, अकरा झाले. खूण पिवळीच. सून मोबाईल घेऊन बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन आली आणि म्हणाली, "मामा, नक्षी मशीनमध्ये हाय. पेढीवर त्यांचं नेट असतं. तिथं घेऊन जावा, आपणहून जाईल."

"मी त्या पेढीवर परत डबा घेऊन जाणार न्हाय."

"ह्या डब्यात जेवण हाय."

"तवाबी मला दिसतच हुतं."

तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "मग मी जाते."

आमच्या घरच्या बायकांनी कांड्या भरल्या, ताण्याला खळ लावली, तुटलेले दोरे जोडले. पेढीवर कधी कुणी गेलं नाही. माझ्या आईनं पेढी बघितली नव्हती. मी तसं बोलूनही दाखवलं. तोवर म्हातारीचं चाक थांबलं होतं.

"चाळीस वर्सं माझ्या कांड्या पेढीवर गेल्या, मी तेवढी न्हाय," ती म्हणाली. "मी गेले असते तर साडीचा रंग उडाला असता व्हय?"

सव्वाअकरा झाले होते. मी फडकं काढलं.

लॅपटॉप मी घेतला, सुनेनं त्याची वायर पिशवीत टाकली. निघालो तेव्हा मी पुढं होतो. उकरलेल्या मातीवरून चालताना माझा पाय घसरला, तिनं दंड धरला. मग ती पुढं झाली आणि कुठं पाय टाकायचा ते बघत चालली, मी मागं. ओळखीची माणसं दुकानात बसली होती, बघत होती. तो निम्मा काठ डोळ्यांपुढून जात नव्हता.

पेढीवर लग्नघरची माणसं अजून आली नव्हती. व्यापारी गादीवर, खानापूरवाला कॉम्प्युटरपाशी. सुनेला बघून व्यापारी जरा सावरून बसला. "अण्णा, सूनबाईला कशाला तरास दिलासा? निरोप धाडला असता तर?"

मी फडकं सोडलं. उघडायचं काम मात्र माझ्या हातून होईना. सुनेनं उघडलं. अजून पेढीचं नेट जोडलंच नव्हतं, तरी पदर पडद्यावर आला. आख्खा. मी वाकून वरून खाली बघितला, कोयरीचं शेपूट बघितलं, एकही घर कोरं नव्हतं. मग खाली बसलो.

खानापूरवाल्यानं पेढीचा पासवर्ड घालून दिला. पिवळी खूण हलायला लागली. आणि हिरवी व्हायच्या ऐवजी पडद्यावर एक प्रश्न आला. त्यानं तो वाचून दाखवला: ही नक्षी दोन ठिकाणी बदलली आहे, कुठली ठेवायची?

त्याच सकाळी व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून त्यानं पेढीवरच्या प्रतीत काठ चार घरांनी अरुंद केला होता. रेशीम वाचतं म्हणून. आमच्याकडं नेट नव्हतं, म्हणून ते आमच्या मशीनला कळलं नव्हतं. आता दोन्ही समोरासमोर उभ्या होत्या.

"आमची ठेव," व्यापारी म्हणाला.

खानापूरवाल्याचं बोट पुढं गेलं. सून म्हणाली, "थांबा दादा. आधी दोन्ही शेजारी लावून बघा की."

पेढीवर बाईचा आवाज. व्यापाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडात बोलणं आलं होतं, काठाचं मला तिच्याइतकंच कळतं. ते मी गिळलं.

"अण्णा, तुमचं काय म्हणणं?"

"माझं काय न्हाय. नक्षी तिची हाय, तिला इचारा."

तिनं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. कोयरीचं शेपूट काठात चार घरं आत जात होतं. काठ अरुंद केला की शेपूट तिथंच कापलं जात होतं. "हे पुठ्ठ्यावर गेलं की प्रत्येक साडीत तुटकी कोयरी येणार. लग्नात नेसायची साडी हाय. रेशीम वाचवायचं असलं तर मी पदराच्या आतली बुट्टी कमी करते, काठ नको."

खानापूरवाला वाकून बघत होता. हळूच म्हणाला, "मालक, बाईंचं बरोबर हाय. माझ्या ध्यानात आलं न्हाय."

भिंतीवरच्या घड्याळात बाराला सात मिनिटं होती. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, मग दारं लागल्याचा. व्यापाऱ्यानं हातानंच खूण केली, करा म्हणून. सुनेनं आपली नक्षी ठेवली. खूण फिरली, फिरली आणि हिरवी झाली.

लग्नघरच्या बायका आत आल्या, गादीवर टेकल्या आणि पदर बघायला लागल्या. त्यातली एक सुनेला विचारत होती, ही कोयरी कुणी काढली. मी चपला शोधत होतो, त्यामुळं तिनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

चारही माग चालू झाले. कापडं झटकली तेव्हा इतकी धूळ निघाली की म्हातारी शिव्या देत होती.

आता नेट बरं असतं. नक्षी घरातून निघते आणि आम्ही जेवायला बसायच्या आत पेढीवर पोचलेली असते. तरी प्रत्येक नवी नक्षी गेली की सून पेढीवर जाऊन येते. खूण हिरवी असताना कशाला, असं मी एकदा म्हणालो. ती म्हणाली, "पोचली ते मशीन सांगतंय. बदलली न्हाय न्हवं, ते मला बघायचंय." लॅपटॉप न्यायची खरं तर गरज नसते. मी तो फडक्यात बांधतो आणि तिच्या मागून चालतो.