जळगावच्या मामांचा समुद्र

समुद्रावर माझ्या मामेसासऱ्यांइतकं प्रेम करणारा माणूस समुद्राकाठी जन्माला येणं शक्यच नाही. त्यासाठी जळगावातच जन्मावं लागतं! उन्हाळ्यात जिथे रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं, नळाला पाणी आलं म्हटल्यावर माणसं हातातला घास टाकून धावतात, त्या गावात राहून या गृहस्थांनी जन्मभर समुद्राचा ध्यास घेतला. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. मूळचे धुळ्याकडचे, पण जळगावच्या कॉलेजात भूगोल शिकवायला आले आणि मेहरूणला घर बांधून इथलेच झाले. त्यांच्या स्वयंपाकघरात, जिथे इतरांकडे दुधाचा हिशेब लिहिलेलं कॅलेंडर असतं, तिथे कोकण किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक लटकत असे. मामी पोळ्या लाटत असल्या की हे मध्येच आत येऊन जाहीर करायचे, "भरती सुरू झाली बरं का!" मामी लाटणं न थांबवता म्हणायच्या, "झाली ना? मग ताट घ्या."

लोक नव्या पाहुण्याला आडनाव विचारतात, कुळ विचारतात. मामा उंची विचारायचे. माणसाची नव्हे हो, त्याच्या गावाची! मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा सगळे माझ्या पाइपांच्या दुकानाची चौकशी करत होते. हे मात्र पोह्यांची बशी हातात घेऊन पुढे सरकले आणि म्हणाले, "तुमचं गाव समुद्रसपाटीपासून किती उंच?" मी आपला बशीत बघत राहिलो. मामांनी भर बैठकीत निकाल दिला, "मुलगा चांगला आहे, पण आपण कुठे उभे आहोत हे त्याला माहीत नाही." आमच्या घरात भांडण झालं की बायको अजून हेच वाक्य काढते. कोणाला सोडायला स्टेशनवर गेले, की मामा आधी फलाटाच्या टोकाच्या पिवळ्या पाटीपाशी जायचे, कारण तिच्यावर गावाची उंची लिहिलेली असते. पाटी वाचायची, समाधानाने मान हलवायची आणि मग पाहुण्याची गाडी कुठे आहे ते बघायचं; तोवर ती बहुधा हललेली असायची. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की सगळ्या नातेवाइकांना फोन. एकदा त्यांच्या धाकाने माझ्या सासूबाईंनी रणरणत्या उन्हातले बिबडे आत घेतले. वादळ गेलं ओमानला आणि इकडे ज्वारीच्या त्या पापडांना बुरशी! बहीणभाऊ दिवाळीपर्यंत एकमेकांशी धड बोलत नव्हते.

अशा माणसाला, निवृत्ती तोंडावर आलेली असताना, किनाऱ्यावरच्या धोक्यांचा अभ्यास करायला चक्क अनुदान मिळालं. कोकणातलं एक छोटं गाव, समुद्र तिथली जमीन किती खातोय, विहिरी कशा खारट होताहेत, त्याचं संशोधन. मुलाखतीत कोणीतरी खोचकपणे विचारलं म्हणे, की जळगावच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय? मामा म्हणाले, "डॉक्टरने आधी आजारी पडून दाखवायचं असतं का?" या उत्तरावर अनुदान मिळालं असं त्यांचं मत आहे. ज्या दिवशी मंजुरी आली, त्या दिवशी ते भर दुपारी माझ्या दुकानात घुसले. अंगात बनियन, वर कोट! "जावईबापू, पाइप काढा!" मला वाटलं घरात गळती लागली. पण त्यांना हवे होते किनाऱ्यावर रोवायला पाइप, लाल-पांढरे पट्टे रंगवलेले. पाणी कुठवर चढतं ते त्यावर दिसणार. "सगळ्या जगाला ठिबक पुरवणारं गाव आपलं," ते म्हणाले, "आता समुद्र मोजायलाही पाइप आपलाच जाणार!" त्यांचा आनंद इतका ऊतू जात होता, की पाइप रोवून द्यायला मीही येतो असं मी बोलून बसलो. बोलून बसलो म्हणजे अडकलोच.

गाव सुंदर होतं. माडांची रांग, तिच्या मागे कौलारू घरं आणि समोर तो मामांचा समुद्र. मामा त्याच्याकडे बघून नुसते हसत होते. पाइप रोवले. पहिल्या मोठ्या भरतीला पाणी वरच्या पट्ट्याला लागलं, तेव्हा हे वाळूत अक्षरशः नाचले, "वाढलं! वाढलं!" माडाखाली बसून जाळं दुरुस्त करणाऱ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पुढे वर्षभर मामा तिथे खेपा घालत राहिले, पण गावातलं कोणी त्यांच्याशी बोलेना. पूर्वी पाणी कुठवर यायचं, विहीर कधी खारट झाली, काही विचारा, उत्तर एकच, "माहीत नाय." नुसत्या पाइपांवर संशोधन होत नाही, आधीचं काही कळल्याशिवाय आत्ताचं मोजून करायचं काय? नंतर कळलं, की लोकांना धास्ती होती. हे मोजणारे मोजून जाणार आणि मग आम्हाला किनाऱ्यावरून उठवणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. इकडे अनुदान देणाऱ्या संस्थेने कळवलं, की आमच्या समितीच्या बाई गावात येऊन काम बघतील. पटलं तर पुढचं वर्ष, नाहीतर प्रकल्प बंद. मामांना पुढच्या वर्षी निवृत्ती. हा दरवाजा बंद झाला की दुसरा उघडणार नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. प्रथमच मी त्यांना ताटावर बसून गप्प राहिलेलं पाहिलं.

पण खानदेशी माणूस किती वेळ गप्प बसणार? आमच्याकडे जमिनीचा तंटा असो की सोयरीक, माणूस बोलत नसला की त्याला भरताला बोलवायचं, हा रिवाज आहे. भरीत खाल्ल्यावर वैरीसुद्धा बोलतो. "चुकलं कुठे ते कळलं!" मामा फोनवर ओरडले. "आपण लोकांना प्रश्न विचारत बसलो, जेवायला घातलंच नाही!" झालं! बाई येणार त्याच दिवशी अख्ख्या गावाला भरीत. हिरवीगार भरताची वांगी पोत्यांनी निघाली, भरीत ठेचायची लाकडी बडगी निघाली, आणि वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजली पाहिजेत म्हणून पऱ्हाटीच्या मोळ्या जीपच्या टपावर चढल्या. "मामा, कोकणात लाकूड मिळतं हो!" मी म्हटलं. "लाकूड मिळतं," मामा म्हणाले, "पऱ्हाटी मिळत नाही." वाटेत प्रत्येक नाक्यावर आमची जीप थांबवून विचारपूस झाली, आणि प्रत्येक ठिकाणी मामांनी भरताची कृती सांगितली.

आता पार्टी कुठे करायची? आमच्याकडे भरीत पार्टी म्हणजे शेत, नाहीतर नदीचं पात्र. आमच्या नद्यांत आठ महिने वाळूच असते. चूल मांडा, पंगत बसवा, वर झोप काढा. वाळू म्हणजे बसायची जागा, हे आमच्या रक्तात आहे. मामांनी समोर ऐसपैस वाळू पाहिली, "वा, काय पात्र आहे!" म्हणाले आणि थेट किनाऱ्यावर चूल मांडली. ज्यांच्या स्वयंपाकघरात भरतीचं वेळापत्रक, ते हे! वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं, पण पऱ्हाटी पेटली, वांग्याचा तो खरपूस वास सुटला आणि मामांचा सगळा भूगोल त्या धुरात गेला. मला तरी कुठे सुचलं? मी कांद्याची पात चिरत होतो. गावातली माणसं वासाने एकेक करून माडाखाली जमली, पण खाली कोणी उतरेना. समितीच्या बाई आल्या, खुर्चीवर बसल्या आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सर, संशोधन कुठे आहे?" मामा बडगीत मुसळ घालत म्हणाले, "होतंय, मॅडम. मिरची कमी पडली."

आणि समुद्र आला. आधी चुलीशी जरा चुळबुळला, फस्स आवाज झाला. मग एक लाट आत घुसली ती थेट पंगतीच्या जागेपर्यंत! पुऱ्यांची टोपली तरंगली, बाईंची खुर्ची कलंडली, वांगी ओळीने समुद्राकडे निघाली. मामा गुडघाभर पाण्यात बडगीच्या मागे धावत होते आणि इतक्या वर्षांची कॉलेजातली मराठी सोडून मायबोलीत ओरडत होते, "पाणी उनं रे! बठ्ठं भरीत गये!" मी मनात म्हटलं, पाणी आलं, सगळं गेलं! भरीत गेलं आणि प्रकल्पही गेला.

तेवढ्यात माडाखाली हसू फुटलं. आधी एक बाई, मग पोरं, मग ती जाळं विणणारी माणसं पोट धरून हसायला लागली आणि हसत हसतच पाण्यात शिरली. कोणी बडगी पकडली, कोणी वांगी, कोणी समितीच्या बाईंना हात दिला. एक म्हातारी आजी मामांना हाताला धरून वर घेऊन आली आणि म्हणाली, "मास्तर, रडतास कित्याक? तुमी जागा बरी बघितलास. माझ्या लग्नाचां जेवाण हयसरच झालां होतां! तेव्हा समुद्र खंय होतो? थंय, त्या होडयेच्याय पलीकडे." आणि तिने लांब पाण्यात उभ्या असलेल्या होडीकडे बोट दाखवलं. मामा ओल्या धोतरासारखे झालेले, ते एकदम ताठ झाले. "कुठे? आजी, परत सांगा!" मग काय विचारता! एकाने बुडालेली विहीर दाखवली, दुसऱ्याने आजोबांची बाग होती ती जागा दाखवली, दोघं तर एका सुरूच्या झाडावरून भांडायला लागले. वर्षभर न फुटलेलं तोंड असं फुटलं, की मामांना कोणाकडे धावावं कळेना. समितीच्या बाई ओलेत्याच आजींच्या पडवीत बसून उरलेलं भरीत खात होत्या. दुसरा घास घेत म्हणाल्या, "सर, पुढचं वर्ष करा. पण पार्टी वर करा." मामांनी मला मिठी मारली ती भिजलेल्या कोटासकट.

काम झालं, गावाला बंधारा हवा असा अहवाल वर गेला. आता तो कधी होतो ते बघायचं. शेवटचा पाइप आजींनी हट्टाने आपल्या अंगणाच्या कडेला रोवून घेतला होता. मोजणाऱ्या माणसाची भीती गेली होती ना. हिशेबाप्रमाणे पाणी काही वर्षांत तिथे पोचणार, असं मामांनीच लिहिलं होतं. मामा निवृत्त झाले, अनुदान संपलं, तरी मोठ्या भरतीला ते अजून तिकडे जातात. या श्रावणात पौर्णिमेला दुकानात गिऱ्हाईक असताना त्यांचा फोन आला. मला वाटलं, लागलं पाणी पाइपाला, खरा ठरला मामांचा हिशेब. "जावईबापू," मामा ओरडत होते, "आजींच्या अंगणात आज पाणी उनं नाही! कोरडं शे! बठ्ठं कोरडं शे!" मागे आजी हसत असल्याचं ऐकू येत होतं. मी म्हटलं, "वा, मामा! मग आता घरी या." ते म्हणाले, "उद्याची भरती याहून मोठी आहे हो. उद्याचा दिवस थांबतो."