मधली फळी

आमच्या मोठेबाबांच्या दुकानातून दोर नुसता बघून विकत घेता येत नसे. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. गिऱ्हाईक आलं की दोराचं एक टोक त्याच्या हातात द्यायचे, दुसरं स्वतःच्या मनगटाला गुंडाळायचे आणि म्हणायचे, "ओढ." गिऱ्हाईक लाजत थोडंसं ओढायचं. "जेवून नाही आला का बे? ओढ ना!" मग बैलाचं दावं असो की विहिरीचा दोर, भर बाजाररस्त्यावर रस्सीखेच व्हायची. मला पाहायला आलेल्या मुलालाही त्यांनी टोक धरायला लावलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मनासारखी ओढाओढ झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहुणा सोडून नाही देत, बाई. करून टाक." मी केलं. पाहुण्याने अजून तरी सोडलेलं नाही.

नवेगाव बांधचं ते दुकान आजोबांनी बांधलेलं, दोघं भाऊ मिळून चालवायचे. दर्शनी बाजूला दार नाही, शटर नाही. अकरा सागवानी फळ्या. सकाळी एकेक काढायची, संध्याकाळी एकेक खाचेत सरकवायची. पाच डावीकडे, पाच उजवीकडे, आणि सगळ्यांत शेवटी मधली. ती बसली की वरून आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप. ती नाही बसली तर सगळं दुकान उघडं.

एका महाशिवरात्रीला मोठेबाबा नागऱ्याच्या जत्रेला गेले होते. तेवढ्यात बाबांनी सगळे दोर, जाळ्यांचा सुतळा, टोपल्या मागच्या खोलीत टाकल्या आणि पुढे झेरॉक्सचं मशीन मांडलं. बाबांचं म्हणणं, गावाला आता दोर कशाला हवेत? मोठेबाबा परत आले, मशीनकडे बघत उभे राहिले. "इथं माह्या बापाची गादी होती," एवढंच म्हणाले. त्यानंतर जे भांडण झालं ते अख्ख्या बाजाराने ऐकलं. महिन्याभरात दुकानाच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. पाच फळ्या त्यांच्या, पाच आमच्या. मधली मात्र बरोबर भिंतीसमोर यायची, ती वाटता आली नाही.

बोलणं बंद. एका आईच्या पोटचे दोघं, आणि बोलणं बंद! मला दोघांचाही असा राग यायचा की काही विचारू नका. पण संध्याकाळ झाली की मोठेबाबा मधली फळी उभी धरून पायरीवर थांबायचे. ती जड आहे, एकट्याने बसत नाही, असं दोघंही सांगत. बाबा आपल्या पाच फळ्या लावून आले की मोठेबाबा बोलायला लागायचे. बाबांशी नाही हो, फळीशी!

"फळीबाई, त्याले सांग, उद्या मी गोंदियाले जाऊन राहिलो."

"फळीबाई, त्याचा खोकला लय दिवसाचा हाये. दवाखान्यात काऊन नाही जात, विचार."

बाबा खालचं टोक उचलत म्हणायचे, "हं." बारा वर्षं दोघा भावांचं संभाषण एवढंच.

मग बाबांनी शटर बसवायचं काढलं. आपल्या बाजूला शटर लागलं की मधल्या फळीचं कामच उरत नव्हतं. मोठेबाबांना हे बाजारात कळलं. त्या संध्याकाळी त्यांनी फळी अशी घट्ट धरून ठेवली की बाबांना हलवता येईना. "फळीबाई, त्याले सांग, शटर एकट्यानंच ओढता येते. मी मेल्यावर, माह्या मांगं लाव म्हण." बाबांनी "हं"सुद्धा केलं नाही. पण शटर काही लावलं नाही.

पुढे एकदा मी माहेरी आले होते. दुपारच्या वेळी सहज दुकानाकडे गेले, तर मोठेबाबा खाचेला मेण लावून मधली फळी बसवून बघत होते. एकटे. ना धाप, ना काही. मला बघून चोरी पकडल्यासारखे हसले.

"सांगू नको बाबाले, हं."

मी मान हलवली आणि घरी येऊन खूप रडले.

गेल्या वर्षी मोठेबाबा गेले. सकाळचा चहा अर्धा तसाच राहिला. तेरावं झाल्यावर शटरवाला आपणहूनच माप घ्यायला आला. बाबांनी त्याला टेप उलगडूच दिला नाही. "नाही लावत," म्हणाले आणि त्याला वाटेला लावलं. मला राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सांगून टाकलं, "बाबा, मोठेबाबा ती फळी एकटे लावू शकायचे. मी पाहिलंय."

बाबा जराही चकित झाले नाहीत.

"माहीत हाये मले. तो नागऱ्याले जाये तवा कोण लावे? मीच ना. एकटाच."

त्या संध्याकाळी बाबांनी आपल्या पाच फळ्या लावल्या. पलीकडच्या पाच मोठीआईने, मोठेबाबांच्या बायकोने, लावल्या. मोठेबाबांच्या माघारी दोरांचं दुकान आता ती बघते. मग बाबा मधली फळी उभी धरून पायरीवर थांबले. थांबले ते थांबलेच. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. शेवटी मोठीआई पदर खोचून पुढे आली आणि तिने दुसरी कड धरली.

"उचला भाऊजी."

बाबांनी फळीवर हात ठेवला. "फळीबाई," ते म्हणाले, "त्याले सांग..."

आणि त्यांनी फळी उचलली.