साडूभाऊंनी टाकी विसळली

आमच्या साडूंइतका हट्टी माणूस अख्ख्या कतारमध्ये दुसरा नसेल, आणि असलाच तर तो यांच्याच हाताखाली तयार झालेला असणार. मूळचे नाशिकचे. दोह्याबाहेरच्या एका शेतावर वर्ल्ड कपच्या स्टेडियमसाठी हिरवळ वाढवायचं काम त्यांच्याकडे होतं. आमच्या अल गराफाच्या घरी जेवायला आले, की चपला काढून आधी आमच्या चिमूटभर हिरवळीवर उभे राहत. "पाणी जास्त होतंय. लाड करता तुम्ही," म्हणून मला झापत, आणि मगच पानावर बसत.

पण खरा हट्ट दिसला तो स्टेडियमात गवत बसवायच्या दिवशी. ठिगळांसाठी लागणाऱ्या गवताच्या चार गुंडाळ्या दहाच्या आत गेटवर पोचवायच्या होत्या. आत जायचा पास तेवढ्याच वेळेपुरता, आणि पुढच्या आठवड्यात साडूंचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. आपण वाढवलेलं गवत मैदानात बसताना एकदा बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. गुंडाळ्या न्यायला शेतावरची जुनी डिझेल पिकअप होती. ती आजवर शेताबाहेर गेली नव्हती आणि फक्त शेतकामापुरत्याच मिळणाऱ्या सवलतीच्या डिझेलवर चालायची. "शेताचं खाऊन शहरात मिरवायचं नाही," साडू म्हणाले. सकाळी सकाळी नळी लावून टाकी उपसली. मी पंपावरून आणलेल्या डिझेलमधलं थोडं घालून, दुधाचं पातेलं विसळतात तशी विसळली. तरी समाधान नाही. पाइपात राहिलंय म्हणून इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवलं. मग रस्त्याचं डिझेल भरलं. गाडी ढिम्म. पाइपात हवा शिरली होती.

"अहो साडूभाऊ, चार थेंबांचं कोण विचारणार होतं?" मी वैतागून म्हणालो.

"मी," ते म्हणाले, आणि हवा काढायला इंजिनावरचा छोटा हातपंप दाबत बसले. दीड तास. अंगठा सोलला, शर्ट काळा झाला, पण माणूस जागचा हलला नाही. इंजिन धडधडलं तेव्हा अरबीत "यल्ला", म्हणजे चला, एवढंच म्हणाले.

गेटवर पोचलो सव्वादहाला. गुंडाळ्या आत घेतल्या, साडूंना नाही. "सर, पास खलास," पहारेकरी बिचारा ओशाळून म्हणाला. साडूंनी वाद घातला नाही. गुंडाळ्या सावलीत ठेवायला तेवढं हिंदीत बजावलं. मला त्यांचा रागही येत होता आणि वाईटही वाटत होतं. येताना म्हणाले, "गाडी छान ओढतेय हो."

ते नाशिकला परतले. त्या स्टेडियमातल्या पहिल्या सामन्याचं तिकीट मला मिळालं, तर ऐन खेळात त्यांचा फोन. "बॉल मला टीव्हीवर दिसतोय. तुम्ही गवत कसं आहे ते सांगा."

मी सगळ्यात वरच्या रांगेत होतो. तिथून नुसता हिरवा रंग दिसत होता.

"एकदम दाट," मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवलाच नाही.