दगडावर नसलेलं नाव

आज पंचायतीचा रंगारी शहिदांच्या दगडावरची नावं सोनेरी करत होता. मी विचारलं, "आपल्या गावच्या कॅप्टनसाहेबांचं नाव कुठं आहे?" सरपंच म्हणाला, "आबा, ते सरहद्दीवर कुठं गेले? इथंच छावणीत वारले."

वारले म्हणे. अंथरुणाला खिळलेला माणूस वारतो. सरहद्दीवर लढाई पेटली होती, छावणीत साहेब आम्हा रंगरुटांना सरावाच्या खड्ड्यात हातबॉम्ब फेकायला शिकवत होते. पिन काढलेला बॉम्ब एकाच्या घामट हातातून पायाशी पडला. साहेबांनी त्याला खड्ड्याबाहेर ढकललं आणि स्वतः बॉम्बवर पालथे पडले. मरायला सरहद्दच लागते होय?

तो घामट हात माझा. त्याच हातानं मी रंगाऱ्याचा ब्रश धरला. सरपंच म्हणाला, "आबा, सोडा तो." एकदा हातातून सुटलं तेवढं बास. ब्रश माझ्याकडंच आहे. साहेबांचं नाव दगडावर येईपर्यंत मिळायचा नाही.