दुपारची सुई

आमच्या सिस्टरबाईंना हळू बोलता येत नसे. कोल्हापुरातल्या आमच्या शाळेत व्हरांड्याच्या एका टोकाला त्यांची खोली होती, आणि मधली सुट्टी झाली की दुसऱ्या टोकापर्यंत हाक ऐकू यायची, "साखर तपासलीस काय गं? आधी सुई, मग डबा." मला तिसरीतच मधुमेह झाला होता. सगळी शाळा वळून बघायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दम्याचा पंप घेणारी, फिटच्या गोळ्या घेणारी मुलंही त्या खोलीत यायची. कुणी रडलं तर त्या म्हणायच्या, "चष्मा लागला म्हणून कोण रडतंय काय? तसंच हाय हे."

रूपाली माझ्या वर्गातली. सहावीत तिलाही मधुमेह निघाला. पहिल्याच दिवशी तिनं सिस्टरबाईंचा हात धरला. "कुणाला सांगू नका. पोरी मला डब्याला जवळ घेणार नाहीत." तेव्हापासून तिच्यापुरतं त्या हळू बोलायला शिकल्या. वर्गाच्या दारात येऊन म्हणायच्या, "रूपाली, खडू न्यायचेत, ये." दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

आठवीत तिच्या वडिलांना इचलकरंजीत मागावर काम मिळालं आणि रूपालीची शाळा बदलली. तिथं नर्स नव्हती. सिस्टरबाईंनी नव्या शाळेसाठी चिठ्ठी लिहून तिच्याजवळ दिली. तिनं ती दिलीच नाही. हळूहळू सुयाही चुकवू लागली; घरच्यांना वाटायचं, घेते आहे. एके दिवशी वर्गात उलट्या सुरू झाल्या. तिथल्या बाईंना पित्त वाटलं, त्यांनी तिला बाकावर निजवलं. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

ती गेल्याची बातमी आली त्या दिवशी सिस्टरबाई मला म्हणाल्या, "सुई टोचायला शिकवलं तिला. चारचौघांत सांगायला न्हाय शिकवलं." दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर वर्गात आल्या. मी सगळ्यांसमोर उभी राहिले. "मला मधुमेह आहे. मी घामाघूम झाले, काहीबाही बडबडू लागले, तर साखर द्या आणि सिस्टरबाईंना बोलवा." पुढं दरवर्षी जूनमध्ये आमच्यासारख्या प्रत्येक मुलाची समजूत काढून त्या हे त्याच्याकडून वदवून घेत.

दिवाळीनंतर रूपालीची आई शाळेत आली. पिशवीतून तिनं इन्सुलिनच्या दोन बाटल्या काढल्या. "फोडल्याल्या न्हाईत. शेजारणीच्या फ्रिजात ठेवलत्या. ह्या पोरीला चालतील की."

सिस्टरबाईंनी तारीख बघितली. चालणार होत्या. माझ्या सुईची वेळ झालीच होती. त्यांनी एक बाटली उघडली, पण सिरिंज भरताना तिच्यावरचे आकडे त्यांना दिसेनात. मी ती त्यांच्या हातून घेतली आणि स्वतःच टोचून घेतलं.

रूपालीची आई बघत होती. "दुखतं काय गं?" तिनं विचारलं. "आमची कधी सांगायची न्हाय."

"नाही," मी म्हणाले.

सिस्टरबाई तिच्या पायाशी खाली बसल्या. "चिठ्ठी पोरीच्या हातात द्यायला नको हुती मी. एसटीनं तासाभराचा रस्ता. मी स्वतः यायला पायजे हुतं."

रूपालीच्या आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.